पिवळा पट्टा, कोरडा नळ

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे पीएमआरडीएचा, प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने अखेर रद्द केला. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आराखड्यावर हजारो हरकती आल्या होत्या, आरक्षणे कोणाच्या जमिनीवरून उठली आणि कोणाच्या जमिनीवर पडली याची उघड चर्चा होती आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते; तेव्हा असा आराखडा मोडीत निघाला याचे दुःख करण्याचे कारण नाही. संताप यावा अशी गोष्ट वेगळीच आहे. हा आराखडा जिवंत असताना त्यातील निवासी विभागाचा पिवळा रंग पाहून लोकांनी आयुष्यभराची पुंजी घरांत आणि भूखंडांत घातली, बँकांनी त्यावर कर्जे दिली, शासनाने त्या व्यवहारांवर मुद्रांक शुल्क वसूल केले. आणि तो नकाशाच आता नाही असे सांगताना या खरेदीदारांचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र निर्णयात नाही.

प्रारूप आराखडा म्हणजे निव्वळ प्रस्ताव, त्यावर विसंबून व्यवहार करणाऱ्याने जोखीम ओळखायला हवी होती, असा युक्तिवाद सरकारी बाजूने केला जातो. तो टिकणारा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४६ नुसार परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यातील तरतुदी विचारात घेणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ज्या कागदाकडे पाहून खुद्द सरकारी यंत्रणा निर्णय घेते, तो कागद सामान्य माणसाने गांभीर्याने घेतला, यात त्याची चूक नाही. आराखडा रद्द झाल्यावर या भागाला पुन्हा १९९७ साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेचा आधार घ्यावा लागतो. वाघोली, मांजरी, सूस ही जेव्हा खरोखर खेडी होती, त्या काळातील ही योजना आहे.

घर कोठे घ्यावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न समजला जातो. प्रत्यक्षात ग्राहक घर पाहायला बाहेर पडतो तेव्हा त्याच्या निवडीचा मोठा भाग महापालिका आणि नगररचना खाते यांनी आधीच उरकलेला असतो. नगररचनेत जमिनीचे वापरानुसार विभाग पाडले जातात, त्याला सामान्य भाषेत झोन म्हणतात. निवासी विभाग नकाशावर पिवळा आणि शेतीविभाग हिरवा दाखवला जातो. त्यानंतर येतो चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत हा निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडला आहे. रस्ता जितका रुंद, तितके अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, विकत घेऊन मिळणारे वाढीव बांधकाम अधिक. म्हणजे पिवळा रंग आणि रुंद रस्ता एवढ्या दोन गोष्टींवर एखाद्या गावात बारा मजली इमारती उभ्या राहतात. त्या गावात जलवाहिनी, मैलापाणी वाहून नेणारी व्यवस्था आणि शुद्धीकरण केंद्र आहे की नाही, हा प्रश्न या गणितात येतच नाही. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे: बांधकामाचा हक्क रस्त्याची रुंदी मोजून दिला जातो, पाणी मोजून दिला जात नाही.

जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेत तेवीस गावे समाविष्ट झाली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच याच तेवीस गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएची नेमणूक करण्यात आली. परिणाम असा झाला की, इमारतीचा नकाशा मंजूर करणारी आणि विकास शुल्क व अधिमूल्य घेणारी संस्था एक, तर त्या इमारतीतील माणसांना पाणी देण्याची, त्यांचा कचरा उचलण्याची आणि सांडपाणी वाहून नेण्याची जबाबदारी दुसरीवर. परवानगीचा पैसा एका तिजोरीत आणि पाण्याचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी रचना जाणूनबुजून करणाऱ्या सरकारला नागरी नियोजन या शब्दाचा अर्थ कळतो, असे म्हणता येत नाही.

पाणी नसताना परवानगी कशी मिळते, याचे उत्तर ‘हमीपत्र’ या एका कागदात आहे. महापालिकेचे पाणी येईपर्यंत सदनिकाधारकांना स्वखर्चाने पाणी पुरवू, असे बांधकाम व्यावसायिक त्यात लिहून देतो आणि तेवढ्यावर फाइल पुढे सरकते. पुढे भोगवटा प्रमाणपत्र मिळते, सोसायटी स्थापन होते, व्यवस्थापन तिच्याकडे सोपवले जाते आणि त्याबरोबर टँकरचे बिलही सोसायटीच्या गळ्यात पडते. दोनशे सदनिकांची सोसायटी, प्रत्येक घरात चार माणसे आणि माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले, तर रोज १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर रोज फाटकातून आत यायला हवेत. टँकरमागे केवळ हजार रुपये धरले तरी महिन्याला ३ लाख ३० हजार, म्हणजे प्रत्येक घरामागे १,६५० रुपये होतात. देखभाल खर्च, गृहकर्जाचा हप्ता आणि मालमत्ता कर यांच्याखेरीज हा भार आहे, आणि उन्हाळ्यात तो वाढतोच. घर घेताना शहराच्या मध्यभागापेक्षा चौरस फुटामागे जो दर कमी पडला म्हणून कुटुंब उंड्री-पिसोळीकडे गेले, ती बचत टँकरच्या पावत्यांतून फिटून जाते. तो कमी दर स्वस्ताई नव्हतीच. जी नागरी सेवा मिळणार नव्हती तिची ती वजावट होती, आणि ती तशी आहे हे खरेदीदाराला करारनाम्यावर सही करण्यापूर्वी सांगण्याचे बंधन कोणावरही नीटपणे घातलेले नाही.

पाण्याची ही हेळसांड केवळ पैशांपुरती राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचा उद्रेक झाला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा समाविष्ट गावांतील लोक काय पीत आहेत याची साऱ्या राज्याला कल्पना आली. खडकवासला धरण जवळपास नजरेच्या टप्प्यात आणि घरात येणारे पाणी मात्र विहिरीत साठवून केवळ क्लोरीन मिसळून सोडलेले, ही अवस्था महापालिकेत दाखल होऊन किमान साडेतीन वर्षे झालेल्या गावांची होती. शुद्धीकरण केंद्र उभारले न जाताही तेथे मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या. हमीपत्रावर इमारत उभी करता येते, पण हमीपत्राने पाणी शुद्ध होत नाही.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची कथा तर अधिक वेदनादायक आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे या गावांच्या माथी मारला गेला, विहिरींचे पाणी नासले, त्याविरुद्ध गावकऱ्यांनी वारंवार आंदोलने केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत घेतलेल्या अकरा गावांमध्ये ही दोन्ही गावे होती. मालमत्ता कर वाढला, सेवा आल्या नाहीत, आणि २०२४ मध्ये गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत ज्यांनी ‘पुणे महापालिका हद्दीत’ ही जाहिरात वाचून येथे घर घेतले, त्यांचे शहरच बदलले, आणि बदलताना त्यांना कोणी विचारले नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली मांडलेला एक सिद्धांत नागरी अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे: कर आणि सेवा यांचा जो मेळ पसंत पडेल त्या नगरात नागरिक राहायला जातात आणि अशा स्थलांतरातूनच आपले मत नोंदवतात, त्यामुळे नगरांवर चांगल्या सेवा देण्याचा दबाव राहतो. या सिद्धांताला तीन गोष्टींची गरज असते: नागरिकाला खरी माहिती असावी, त्याला हलता यावे आणि नगराची हद्द व नियम स्थिर असावेत. पुण्याच्या सीमेवर यांपैकी एकही गोष्ट नाही. माहिती दडवलेली असते, वीस वर्षांच्या कर्जाने कुटुंब जागेला जखडलेले असते आणि हद्द, झोन व आराखडा मंत्रालयातील एका स्वाक्षरीने बदलतो. अशा ठिकाणी बाजार आपोआप शिस्त लावील ही अपेक्षा ठेवणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

राज्य सरकारला या व्यवहारात तटस्थ पंच म्हणवून घेता येणार नाही, कारण प्रत्येक विक्रीत त्याचा वाटा आहे. पुणे शहरात पुरुषाच्या नावे घर नोंदवताना स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून सात टक्के मुद्रांक शुल्क द्यावे लागते. साठ लाखांच्या सदनिकेवर ते ४ लाख २० हजार रुपये होते. नळाला पाणी असलेल्या घरावर आणि टँकरवर जगणाऱ्या घरावर शुल्काची टक्केवारी एकच आहे. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, प्रकल्पाची नोंदणी होते, तेव्हा मंजूर नकाशे आणि जमिनीची मालकी यांची कागदपत्रे मागितली जातात, पण पाणी कोणत्या योजनेतून, कोणत्या टाकीतून आणि कधी येणार, याची पडताळणी होत नाही. ग्राहकाच्या हितासाठी उभारलेल्या व्यवस्थेने ग्राहकाच्या पहिल्या गरजेची चौकशी करू नये, हे संतापजनक आहे.

पुण्याबाहेर नजर टाकली तर नियोजनाच्या अपयशाची किंमत अधिक क्रूरपणे वसूल झालेली दिसते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्यांत कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि त्या पाडण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. दोन्ही ठिकाणी बेघर होण्याची वेळ घर विकत घेणाऱ्यावर आली. इमारतीचा पहिला मजला चढत असताना बांधकाम परवानगीची शहानिशा करणे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांपैकी कोणाला रस्त्यावर यावे लागले नाही. आरक्षित जागेवर सांडपाणी केंद्र वेळीच उभे राहिले असते, तर तेथे बेकायदा इमारती उभ्या राहूच शकल्या नसत्या. सेवा न देण्याचा गुन्हा आणि अनधिकृत बांधकामाचा गुन्हा एकाच निष्क्रियतेतून जन्मतात.

पाणी पाहून परवानगी देणे अव्यवहार्य आहे, असेही कोणी सांगू नये. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडी भागातील पाणीटंचाईची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने तेथील नव्या बांधकाम परवानग्यांना मनाई केली होती, तेव्हा शहर बुडाले नाही. न्यायालयाने एकदा जे केले ते नियमावलीत कायमचे लिहिणे एवढेच सरकारच्या हाती आहे. नवा आराखडा करताना आधी प्रत्येक गावासाठी उपलब्ध पाण्याचा आणि मैलापाणी वाहून नेण्याच्या क्षमतेचा ताळेबंद प्रसिद्ध व्हावा आणि निवासी विभाग व चटई क्षेत्र त्याच्या मर्यादेतच ठरावे. झोन दाखल्यावर जमिनीचा विभाग लिहितात, तसाच पाणीपुरवठ्याचा स्रोत आणि तारीखही लिहिली जावी. हमीपत्रावर परवानगी देण्याची पद्धत आजच बंद व्हावी, आणि आजवर ज्या सोसायट्या हमीपत्राच्या जोरावर उभ्या राहिल्या, त्यांच्या टँकरचा खर्च त्या इमारतींकडून घेतलेल्या अधिमूल्यातून, महापालिकेची जलवाहिनी पोहोचेपर्यंत, दरमहा परत केला जावा.