ॲडमिनचा ईमेल कुणाचा?

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या मालकाकडे पहिल्यांदा गेले की राउटर कुठे बसवलाय हे मी विचारत नाही. विचारते, "शेठ, तुमच्या नेटवर्कचा ॲडमिन ईमेल कोणता?" शेठ अकाउंटंटकडे बघतात, अकाउंटंट स्टोअरवाल्याला फोन लावतो आणि शेवटी उत्तर येतं, "ते विरारचा एक मुलगा बघतो, मॅडम." कारखाना शेठचा, पैसे शेठचे आणि सगळ्या नेटवर्कची सत्ता कुणाच्या तरी खासगी जीमेलवर. त्या मुलावर माझा राग नाही, बहुतेक वेळा तो कामाचा असतो. पण ही व्यवस्था कुणालाच खटकत नाही, याचं मला नवल वाटतं.

मी वैतरणाला राहते आणि पालघर-बोईसर पट्ट्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांची नेटवर्कं सांभाळते. अशा कंपनीचा पसारा एका जागी नसतो. कारखाना बोईसरला, दुसरं युनिट वापीला, गोदाम भिवंडीत, ऑफिस अंधेरीत. पूर्वी यातल्या कुठेही काही बिघडलं की लॅपटॉप घेऊन तिथे जाणं आलंच. आता राउटर, स्विच, वाय-फायचे डबे सीलबंद खोक्यातून थेट त्या जागी जातात. वॉचमननं वायर खोचली तरी पुरतं. डबा नेट मिळताच तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे क्लाउडला, आपला सीरियल नंबर कळवतो, तो नंबर कुणाच्या खात्यात नोंदवलाय ते बघितलं जातं आणि त्या खात्यात ठरवलेली सगळी मांडणी तो उतरवून घेतो. चारही जागा एका पडद्यावर दिसतात.

बरेच मालक घाबरतात ते वेगळ्याच गोष्टीला: आपली टॅली, आपले फॉर्म्युले या क्लाउडवरून अमेरिकेला जातील. नेहमीच्या मांडणीत तसं होत नाही. कारखान्यातली फाइल ऑफिसात जाते ती आपल्याच दोन डब्यांमधल्या बंद वाटेनं. क्लाउडकडे जाते ती डब्याची खुशाली: चालू आहे का, कोण जोडलंय, किती डेटा गेला. क्लाउडशी संपर्क तुटला तरी डबा शेवटच्या मांडणीवर काम करत राहतो. फक्त दुरून त्यात काही बदलता येत नाही.

या सोयीची किंमत आमच्या भागात राहणाऱ्यालाच नीट कळते. 2013 च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल आली खरी, पण विरारच्या पुढे गाड्या आजही विरळच. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचलं आणि गाड्या अडकल्या. 28 मे 2024 ला पालघरला पोलादाच्या कॉइलची मालगाडी घसरली आणि डहाणूकडची वाहतूक ठप्प झाली. अशा दिवशी भिवंडीच्या गोदामाची लाइन मी स्वयंपाकघरात बसून दुसऱ्या सिमवर वळवू शकते. त्यातून आमच्याकडे खणकाम कायमचं. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण, बुलेट ट्रेन, वडोदऱ्याचा द्रुतगती मार्ग, सगळं याच जिल्ह्यातून. खणण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्रानं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. जेसीबीवाल्यांपर्यंत ते अजून पोचायचंय. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणून निश्चिंत असलेल्या मालकांना मी सांगते, दोन्ही फायबर एकाच चरातून आली असतील तर दोन्ही एकाच फटक्यात जातील.

आणि नेट जाणं ही आता गंमत राहिलेली नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइसही. ते निघालं नाही तर भरलेला ट्रक गेटवर उभा. रंग, रसायनं, औषधं बनवणाऱ्यांच्या सांडपाण्याचे आकडे ऑनलाइन प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरवर जावे लागतात. ते थांबले की विचारणा येते.

म्हणून "काढा ते क्लाउड, आपला सर्व्हर आपल्या केबिनमध्ये बरा" म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. एसीचं पाणी ठिबकतंय आणि आम्लाच्या वाफेनं पिना काळवंडल्यात, अशा केबिनमधले सर्व्हर मी पाहिलेत.

माझं भांडण खात्याच्या मालकीवरून आहे. बोईसरच्या एका कारखान्यानं कंत्राटदार बदलला. जुन्याचं बिल थकलेलं, त्यानं पासवर्ड दिला नाही. नव्यानं डबे रीसेट केले, पण डबा नेटला लागताच पुन्हा जुन्याच खात्याकडे गेला, कारण सीरियल नंबर तिथे नोंदलेला. बनवणाऱ्या कंपनीकडे दाद मागायची तर खरेदीचं बिल दाखवा म्हणाले. बिल निघालं कंत्राटदाराच्या फर्मच्या नावावर. चालू स्थितीतली यंत्रं शेवटी कपाटात गेली आणि नवी घ्यावी लागली. थकलेल्या बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले.

डबे चालवायच्या लाइसन्सचंही तेच. सिस्कोच्या मेराकी नावाच्या डब्यांच्या जुन्या लाइसन्स पद्धतीत मुदत संपली की 30 दिवसांची सवलत, मग नेटवर्क बंद. त्याची आठवण करून देणारा मेल जातो ॲडमिनला, म्हणजे विरारच्या मुलाला. तो आता दुबईत असतो.

हे फक्त लहानांचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. नायरा एनर्जी ही गुजरातेत वाडीनारला प्रचंड रिफायनरी चालवणारी कंपनी, मुख्य कचेरी मुंबईत. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात जवळपास निम्मा वाटा. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघानं निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं तिची सेवा थांबवली. पैसे भरलेले असताना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, महिना संपता संपता सेवा परत सुरू झाली. बोईसरचा शेठ कुठल्या न्यायालयात जाणार? पुरवठादार चुकतातही. डिसेंबर 2023 मध्ये असेच डबे बनवणाऱ्या युबिक्विटी कंपनीच्या काही ग्राहकांना आपल्या पडद्यावर दुसऱ्याचेच कॅमेरे दिसू लागले होते. ते चटकन दुरुस्त झालं, पण खात्यात शिरून आपल्याकडे काय झालं हे बघायला मालकाकडे पासवर्ड तरी हवा ना?

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश सांगतो की सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत कळवा आणि 180 दिवसांचे लॉग जपून ठेवा. ज्याच्या खात्यात ते लॉग आहेत तो फोन उचलत नसेल, तर मालक सहा तासांत काय कळवणार?

उपाय अगदी कारकुनी आहे. खातं कंपनीच्या डोमेनवरच्या ईमेलनं उघडा, व्यक्तीच्या नव्हे. दोन मालक-ॲडमिन ठेवा, कंत्राटदाराला त्याखालचा, काढून घेता येणारा अधिकार द्या. दुसऱ्या टप्प्याच्या ओटीपीचा फोन कंपनीचा असू द्या. लाइसन्सची तारीख फॅक्टरी लाइसन्स आणि विम्याच्या तारखांशेजारी लिहा. डब्यांची बिलं स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर घ्या, इनपुट क्रेडिटही मिळेल. टिमानं, म्हणजे इथल्या कारखानदारांच्या संघटनेनं, एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, कराराचा असा एक मराठी-गुजराती नमुना छापून सभासदांना वाटावा.

माझ्या धंद्यातले लोक यावर नाराज होतील. खातं आपल्याकडे असलं की गिऱ्हाईक हलत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेठ, पुढच्या एएमसीच्या वेळी लाइसन्सचा आकडा वेगळा मागा आणि खातं तुमच्या नावावर करून द्यायला सांगा. त्यासाठी चार पैसे जास्त मागितले तर द्या. "त्याची काही गरज नाही" असं उत्तर आलं, तर मात्र सही करण्याआधी दुसऱ्या कंत्राटदाराचं कोटेशन घ्या.