साडेपाच तास कुठून मोजायचे?

उमऱ्याचे तिकीट हाती आले की घरात पहिला प्रश्न येतो, मुंबईहून जेद्दा किती लांब? उत्तर सोपे आहे. हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, जाताना साधारण साडेपाच तास. पण आपण जळगाव-धुळ्याची माणसे. आपला प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही आणि जेद्दाच्या विमानतळावर संपतही नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडा. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास. धुळेकरांना नाशिकमार्गे रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर, सहा-सात तास. मुंबईत उतरून विमानतळ गाठायला दीड तास. उड्डाणाच्या आधी चार तास. विमानात साडेपाच. जेद्दाला पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत दोन तास, आणि पुढे मक्का सुमारे ८० किलोमीटर, दीड तास. बेरीज बावीस तासांवर जाते. सत्तरीच्या अम्मी-अब्बांना साडेपाच तास सांगून घराबाहेर काढले, तर त्यांची झोप, जेवण आणि औषध तिन्ही बिघडणार.

घड्याळही फसवते. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी १० वाजता निघालेले विमान तिथल्या दुपारी १ वाजता उतरते; वाटते तीनच तास गेले. येताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी असतात, हिवाळ्यात तर जोरात. त्यामुळे सुमारे पाचच तास लागतात. तरी १० वाजता निघालेला माणूस मुंबईत संध्याकाळी साडेपाचला पोहोचतो.

मधुमेह असणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. इन्सुलिन आणि गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. रोजा असेल तर पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इफ्तार जळगावच्या घड्याळावर होत नाही. विमानातून सूर्य दिसतो आहे तोवर थांबावे लागते.

एहरामही हातातच हवा. जेद्दा येण्यापूर्वीच विमान मीकात ओलांडते. चादरी सामानात गेल्या आणि एहरामाशिवाय मीकात पार झाली, तर दम द्यावा लागण्याची वेळ येते. त्यामुळे मुंबईतच एहराम नेसून घ्यावा आणि मीकातची सूचना होण्याआधी नियत करावी.

आमचा आग्रह एवढाच की ज्येष्ठांना आदल्या दिवशी मुंबईत आणा, रात्रभर झोपू द्या. मक्केला पोहोचताच तवाफसाठी धावण्याची घाई नाही. एहरामात राहून काही तास विश्रांती घेता येते. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी बोटीनेही जात. २,३०० सागरी मैलांना बारा ते पंधरा दिवस लागत. विमानाने इतके दिवस वाचवले आहेत, तर त्यांतला एक दिवस अम्मी-अब्बांच्या आरामासाठी काढायला हरकत नाही.