प्रेअरीचा दुष्काळ : धान्य बुडाले, भुर्दंड कोणाला?

दुष्काळाच्या बातमीत आकडे असतात ते बहुधा उत्पादनाचे. किती टन पिकले, किती टन बुडाले, एवढे सांगून बातमी संपते. अर्थशास्त्राचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. बुडालेल्या धान्याची किंमत अखेर कोणी मोजली? कॅनडातील प्रेअरी प्रदेशाने २०२१ साली अनुभवलेला उन्हाळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत म्हणजे कॅनडाचे गव्हाचे कोठार. २०२० साली कॅनडात सुमारे ३.५ कोटी टन गहू पिकला होता. २०२१ साली तो जेमतेम २.२ कोटी टनांवर आला. ड्युरम, म्हणजे आपल्याकडील बन्सी गव्हाच्या जातीचा गहू, निम्म्याहूनही कमी झाला. वाटाण्याचे उत्पादन निम्म्यावर आले आणि मसुराचे त्याच्या जवळपास घटले. कॅनोला या मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक १.९५ कोटी टनांवरून सुमारे १.४ कोटी टनांपर्यंत खाली आले. आणि तरीही त्याच वर्षी कॅनडाच्या शेती व्यवसायाची एकूण रोख प्राप्ती घटण्याऐवजी वाढली!

या विसंगतीचा उलगडा करण्यापूर्वी पीक बुडते कसे, हे पाहणे आवश्यक आहे. दक्षिण प्रेअरीत वर्षभरात साधारणतः ३०० ते ४०० मिलिमीटर इतकीच पर्जन्यवृष्टी होते. तिच्यातील मोठा वाटा मे ते जुलै या महिन्यांत पडतो. पेरणी मे महिन्यात, फुलोरा जुलैच्या आगेमागे आणि कापणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, असा हा घाईचा हंगाम असतो. पेरलेल्या रोपाला प्रारंभी आधार असतो तो आदल्या शरदातील ओलाव्याचा आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा. २०२१ साली हा आधार बऱ्याच भागांत आधीच तुटपुंजा होता. अशा स्थितीत जूनच्या अखेरीस पश्चिम कॅनडावर उष्ण हवेचा प्रचंड घुमट स्थिरावला. ब्रिटिश कोलंबियातील लिटन या गावी २९ जून रोजी पारा ४९.६ अंश सेल्सिअसवर पोचला. लिटन डोंगराळ भागात आहे, प्रेअरीत नव्हे. परंतु त्या उष्णतेची झळ पर्वत ओलांडून अल्बर्टा व सस्कॅचेवानच्या शेतांपर्यंत आली, आणि तीही पीक फुलोऱ्याच्या उंबरठ्यावर असताना.

दुष्काळ आणि उष्णता या दोन आपत्ती एकच मानण्याची चूक अनेकदा होते. मातीत ओल नसली की रोप पानांवरील रंध्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते आणि पान थंड ठेवणारे बाष्पोत्सर्जनही मंदावते. नेमक्या याच वेळी तापमान चढले तर रोपाला बचावाचा मार्गच उरत नाही. कमाल तापमान ३० अंशांच्या बरेच वर जाऊन काही दिवस तेथेच राहिले की कॅनोलाची फुले शेंग न धरताच गळतात. गव्हात परागकण निकामी होतात, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाणा चिमतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात काही भागांत पाऊस झाला खरा. परंतु तोवर पिकाचे भवितव्य ठरून गेले होते.

घाईचे पीक

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदण्यासारखा आहे. प्रेअरीला गव्हाचे कोठार बनविण्यात मोठा वाटा असलेले ‘मार्क्विस’ हे वाण चार्ल्स साँडर्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी निवडून सिद्ध केले. ‘रेड फाइफ’ आणि भारतातून गेलेला ‘हार्ड रेड कलकत्ता’ यांच्या संकरातून ते निर्माण झाले होते. लवकर पिकण्याचा गुण त्याला या भारतीय पूर्वजाकडून मिळाला. शरदातील गोठवणारी थंडी येण्यापूर्वी दाणा तयार व्हावा, हाच त्या काळी वाण-सुधारणेचा मुख्य हेतू होता. पूर्वी जी घाई थंडीपासून पीक वाचविण्यासाठी मुद्दाम साधावी लागत असे, ती आता उष्णता पिकावर लादत आहे, आणि तिचे फळ मात्र नेमके उलटे आहे.

या भूमीविषयी इशारा मिळाला नव्हता असेही नाही. जॉन पॅलिसर यांच्या १८५७ ते १८६० या काळातील मोहिमेने दक्षिण प्रेअरीचा एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीस अयोग्य ठरविला होता. पुढे पावसाने साथ दिलेल्या वर्षांत जॉन मॅकून यांनी तोच प्रदेश पाहिला आणि तो सुपीक असल्याचा निर्वाळा दिला. सरकारला दुसरे मत सोयीचे होते. १८७२ च्या कायद्यानुसार १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊन वसाहतींना उत्तेजन मिळतच होते. १८८५ मध्ये लोहमार्गही पूर्ण झाला. त्या निर्णयाची किंमत १९३० नंतरच्या दशकात वसूल झाली. अनावृष्टी, धुळीची वादळे आणि जागतिक मंदी एकाच वेळी कोसळली. धान्य पिकत नव्हते आणि जे पिकत होते त्याला भावही नव्हता. हजारो कुटुंबांनी घरदार सोडले.

त्या संकटातूनच नव्या संस्था उभ्या राहिल्या. १९३५ साली प्रेअरीतील शेतीच्या पुनर्वसनाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी कॅनडाचे गहू मंडळ स्थापन झाले. १९५९ मध्ये पीक विम्याचा केंद्रीय कायदा आला. कालांतराने नांगरट न करता धसकटांतच पेरणी करण्याची पद्धत रूढ झाली. तिने ओल टिकविली आणि मातीची धूप रोखली. २०२१ मध्ये तिशीतल्यासारखी माती उडाली नाही याचे श्रेय बऱ्याच अंशी या बदलाला आहे. तथापि या साऱ्या व्यवस्थेची रचना मुख्यत्वे अवर्षण डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. मातीतील ओल राखता येते; फुलोऱ्यावरची हवा थंड करता येत नाही.

सरासरीच्या आड

आता मूळ विसंगतीकडे वळू. तिशीत जागतिक मागणीच आटली होती, म्हणून टंचाई असूनही भाव चढले नाहीत. २०२१ मध्ये मागणी जोरात होती. कॅनोलाचा भाव वर्षाच्या अखेरीस टनाला १००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. ज्याच्या कोठारात आदल्या हंगामाचा साठा होता, किंवा ज्याच्या शिवारात वेळेवर पाऊस झाला, त्याची चांदी झाली. राष्ट्रीय प्राप्तीचा आकडा फुगला तो बव्हंशी या चढ्या भावांमुळे. ज्याचे शेत करपले त्याला वाढलेल्या भावाचा काय उपयोग?

किंबहुना काहींना तो भावच भोवला. वसंत ऋतूत ठरलेल्या दराने ठरावीक टन माल पुरविण्याचे करार अनेकांनी केले होते. भाव पडण्याच्या धोक्यापासून संरक्षण म्हणून हा शहाणपणाचाच उपाय मानला जातो. पण पीकच न आल्याने माल देता येईना, आणि करारातून सुटण्यासाठी करारातील दर व चढलेला बाजारभाव यांतील फरक पदरचा भरावा लागला. म्हणजे पीक गेले ते गेलेच, वर दंड! शेतकरी संघटनांनी धान्य कंपन्यांकडे सवलतीची मागणी केली ती यामुळेच. गहू मंडळाची एकाधिकार खरेदी २०१२ मध्ये संपली. तिच्या काळात सर्वांच्या मालाची प्राप्ती एकत्र करून सरासरी दर दिला जाई. अनेक शेतकऱ्यांना ते बंधन जाचक वाटे, आणि कॅनोला तर त्या मंडळाच्या कक्षेत कधीच नव्हता. म्हणून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे हे उत्तर नव्हे. परंतु स्वातंत्र्याबरोबर जोखीमही एकेकट्या शेतकऱ्याच्या शिरावर आली, हे नाकारता येणार नाही.

विम्याने मोठा आधार दिला. त्याच्या हप्त्याचा ४० टक्के भाग शेतकरी भरतो, उरलेला केंद्र व प्रांत. शिवाय ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आपत्ती साहाय्याची मर्यादा ५० कोटी डॉलरपर्यंत वाढविली. पण विम्याचे संरक्षण मागील वर्षांच्या सरासरी उत्पादनावर ठरते. वाईट वर्षे वारंवार येऊ लागली की ती सरासरीच घसरते, आणि संरक्षणाची गरज वाढत असताना संरक्षणच आकसते. पशुपालकांची स्थिती आणखी कठीण होती. चारा संपल्याने अनेकांना जनावरे विकावी लागली. धान्य एका हंगामात पुन्हा पिकते आणि २०२२ मध्ये गव्हाचे उत्पादन ३.४ कोटी टनांच्या आसपास आलेही. विकलेला कळप मात्र एका हंगामात परत येत नाही.

भुर्दंडाचा शेवटचा वाटेकरी देशाबाहेरचा होता. मसुराच्या निर्यातीत कॅनडा जगात अग्रेसर आणि भारत त्याचा मोठा ग्राहक. भाव चढू लागताच भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये मसुरावरील मूळ आयात शुल्क बहुतेक देशांसाठी शून्यावर आणले आणि कृषी अधिभार निम्मा केला. सस्कॅचेवानमधील अवर्षणाचा काही भार अशा रीतीने भारताच्या तिजोरीने उचलला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि मार्चमध्ये पंजाब-हरियाणात ऐन दाणा भरताना उष्णतेची लाट आली. १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाची निर्यात बंद केली. एका कोठाराची तूट दुसऱ्याने भरून काढावी, हा जागतिक व्यापाराचा भरवसा वर्षभरातच डळमळला.

उष्णतेचे असे घुमट वाढत्या जागतिक तापमानाशी निगडित असल्याचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. तेव्हा अशी वर्षे अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत. नैसर्गिक आपत्तीत दंड सौम्य करणारे कलम करारात असणे, विम्याची सरासरी ठरविताना लागोपाठच्या वाईट वर्षांचा विचार होणे आणि आयात करणाऱ्या देशांनी सुकाळातच साठे राखणे, या गोष्टींना पर्याय नाही. पाऊस पाडणे कोणत्याही शासनाच्या हाती नाही. पण न पडलेल्या पावसाचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, हे शासन आणि बाजार मिळूनच ठरवीत असतात.