कोड्याखाली नाव कुणाचं?

दुपारची जेवणं झाली, ओटा आवरला, की मी आणि सासूबाई पेपर घेऊन बसतो. सकाळी तो आमच्या हाती लागतच नाही. आधी यांचा चहा, मग मुलाचं क्रिकेटचं पान. आमच्यापर्यंत येईतो पेपराची घडी पार विस्कटलेली असते. पण रविवारचं कोट्यांचं शब्दकोडं मात्र कोरं असतं. "कोण सोडवणार ते? नुसती डोकेदुखी!" असं घरातल्या पुरुषमंडळींचं मत.

डोकेदुखी खरीच. या कोड्यात सरळ अर्थ कुणी विचारतच नाही. 'लग्नात घालतात, निवडणुकीत पत्करतात.' उत्तर काय, तर हार. 'लग्नात मिरवतो, पण कधीच खाली नसतो.' म्हणजे वर! वाचून कपाळावर हात मारून घ्यावा. 'दाबली तर दिवा, आली तर डोळ्यांत पाणी, लावली तर शेजारणींचं भांडण' इथे तर मी पंधरा मिनिटं अडले. दोन घरांत 'बटण' कोंबायचा प्रयत्न चालला होता माझा. सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, कळ!" त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, माझं बी. ए., तेही मराठी घेऊन. श्लेषाची व्याख्या मला पाठ, पण श्लेष सापडला त्यांना.

शब्दकोडं तसं परदेशातून आलेलं. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं, असं मानतात. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला एक चौकोन. आपल्याकडे काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट सगळं एकाच घरात बसतं. त्यामुळे गंमत बघा, 'पुरुष' लिहायला तीन घरं लागतात आणि 'स्त्री' एकाच घरात मावते. ही कोटी माझी. सासूबाई खूप हसल्या, मग जरा गप्प झाल्या.

कोटी म्हटलं की आपल्याला अत्रे, पु. ल. आठवतात, गच्च भरलेली सभागृहं आठवतात. पण बायका शब्दांशी कधी खेळल्या नाहीत का? जात्यावर ओव्या कुणी रचल्या? भोंडल्याच्या खिरापती ओळखताना कुणाची डोकी चालतात? उखाणा या शब्दाचा जुना अर्थच मुळी कोडं. म्हणजे हा खेळ आपल्या घरचा. फक्त त्याला 'बुद्धीचं काम' असं कुणी म्हटलं नाही, आपणही नाही.

आता खरी गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात एक कोडं पूर्ण सुटलं. शेवटचा शब्द होता, 'नदीत चालते, उखाण्यात घेतात आणि शेजारणीला तर हमखास ठेवतात.' नाव! आम्ही दोघींनी टाळी दिली. कूपन कापून यांच्याकडे दिलं, कारण पोस्टाकडे जाणारे हेच. कूपनावर नाव-पत्ता यांनी लिहिला, आपलाच. त्यात वाईट हेतू काही नव्हता, हाताला सवय तीच. पुढच्या पंधरवड्यात विजेत्यांच्या यादीत यांचं नाव छापून आलं. गल्लीत अभिनंदन झालं. हेही हसत म्हणाले, "नाव माझं, डोकं हिचं." मीही हसले. एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घ्यायचं?

पण बचत गटाच्या बैठकीत एका बाईने सरळच विचारलं, "ताई, आम्हाला म्हणता अंगठा नको, सही करा. घराच्या कागदावर तुमचंही नाव लावून घ्या. मग तुमच्या कोड्याखाली तुमचं नाव का नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कर्जाचे हप्ते भरतात बायका आणि दारावरची पाटी नवऱ्याची, यावर मी तावातावाने बोलते. आणि माझ्याच घरात दोन ओळींच्या कूपनावर मला स्वतःचं नाव सुचलं नव्हतं!

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं. चांगलंच झालं. पण कायदा कागदापर्यंत येतो, मनापर्यंत आपणच जायचं असतं. आणि सवय बदलायची तर ती अशा क्षुल्लक वाटणाऱ्या जागीच बदलते. कूपनावर सही करताना हात अडखळणारी बाई सातबाऱ्यावर हक्क सांगेल कशी?

तेव्हा मैत्रिणींनो, दुपारची ती अर्धी घटका सोडू नका. 'रिकामटेकडेपणा' म्हणणाऱ्यांना म्हणू द्या, ते नावं ठेवणारच. उखाण्यात त्यांचं नाव जरूर घ्या, कोड्याखाली मात्र आपलं लिहा. या रविवारच्या कूपनावर आम्ही दोन नावं लिहिली आहेत. पहिलं सासूबाईंचं. लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली, अक्षर जरा वाकडं आलंय. पण तीन घरांचं ते नाव त्यांनी चौकोनाबाहेर चांगलं ऐसपैस लिहिलंय.