अ. पा. क. आई

जमिनीचा सातबारा ज्यांनी कधी नीट वाचला असेल त्यांना ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरं ठाऊक असतील. अज्ञान पालनकर्ता. घरातला कर्ता माणूस गेला आणि वारस लहान असले, की त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई अमुक’ अशी नोंद होते. आमच्या गावाकडच्या उताऱ्यांत लहानपणी मला बायकांची नावं दिसली ती बहुतेक याच जागी. म्हणजे आई ही मुलाची पालक आहे, हे कागदावर उमटायला आधी बापाला मरावं लागे. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. पुढे बँकेत लागले तेव्हाही वाटलं नाही. वाटलं ते फार उशिरा, आणि त्याला एक भाजीवाली कारण झाली.

१९८७ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी काउंटरवर होते. पितळी टोकनं, जाडजूड लेजरं आणि दुपारी कॅश बंद झाली की निम्मं शटर खाली, असे ते दिवस. बाजाराच्या दिवशी एक बाई आली. पोराच्या नावाने महिन्याला वीस रुपये टाकायचं खातं काढायचं म्हणाली. पोरगं सहा वर्षांचं. ‘माज्या अंगठ्यावर चालंल न्हवं?’ असं तिनं विचारलं.

मी विचारलं, ‘मुलाचे वडील आहेत का?’

‘हायती की.’

‘मग त्यांची सही लागेल, मावशी.’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग काउंटरच्या जाळीशी तोंड आणून हळूच म्हणाली, ‘त्यास्नी न सांगता न्हाई का व्हायचं?’

मी नाही म्हणाले. नियम आहे म्हणाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं वय, नियम सांगताना आवाजाला एक प्रकारची धार येते. पुढे प्रमोशनच्या परीक्षेसाठी परिपत्रकं चाळताना मला कळलं, की तो नियम नव्हताच. आईला पालक करून अज्ञान मुलांची खाती उघडू द्यावीत, असं रिझर्व्ह बँकेनं १९७६ च्या डिसेंबरातच बँकांना कळवलं होतं. परिपत्रक फायलीत राहिलं आणि काउंटरवर चालू राहिली ती सवय. ‘वडील आहेत का’ असं माझ्या आधीच्या माणसानं विचारलं होतं, म्हणून मीही विचारलं.

आठवड्यानं ती नवऱ्याला घेऊन आली. त्यानं सही केली. पुढे दर महिन्याला ती यायची, पदराच्या गाठीतून चिल्लर काढून मोजून द्यायची. एकोणीस हप्ते तिनं भरले. मग १९८९ च्या सुरुवातीला एकदा तो एकटाच आला. मुलाच्या औषधपाण्यासाठी खातं मोडायचं आहे, असा अर्ज घेऊन. पालक तोच. मी सही ताडून पाहिली, व्याजाचा हिशेब केला, व्हाउचर पास करायला पाठवलं. तीनशे ऐंशी रुपये आणि वर थोडं व्याज. पुढच्या बाजाराला ती वीस रुपये घेऊन आली तेव्हा खातं बंद झाल्याचं मलाच सांगावं लागलं. तिनं आरडाओरडा केला नाही. काउंटरवर ठेवलेले पैसे उचलले, पुन्हा पदराला बांधले. मला तेव्हा सातवा महिना होता. तिचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. ‘संबाळून ऱ्हावा, बाई,’ म्हणाली आणि गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला मुलगी झाली.

आई होण्यातलं सुख म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर लोकांना मोठं काहीतरी ऐकायचं असतं. माझ्या लक्षात राहिलेली सुखं अगदीच किरकोळ आहेत. तेल लावून, न्हाऊन, धुरी देऊन झालेल्या बाळाच्या टाळूचा वास. सासूबाईंनी केलेली अळिवाची खीर आणि ‘सगळी संपव’ हा त्यांचा दम. तीन वर्षांची असताना आमची कन्या ‘बँक बँक’ खेळायची. पाटावर बसायची, अर्ध्या कापलेल्या बटाट्यानं जुन्या वर्तमानपत्रावर शिक्के मारायची आणि रांगेतल्या बाहुल्यांना सांगायची, ‘उद्या या. कॅश बंद झाली.’ मी काउंटरवर कशी बोलते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या संवादांचं काही वाचक कौतुक करतात. माणसं खरोखर कशी बोलतात हे ऐकायची सवय मला या पोरीनं लावली, कुठल्या पुस्तकानं नाही.

ताणाचंही तसंच. मोठी संकटं कशीही निभावतात, रोजची बारीकसारीक माणसाला खातात. तेव्हा बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. चौथ्या महिन्यात कामावर रुजू झाले, की साडेअकराच्या सुमाराला घरच्या दुधाच्या वेळेची आठवण शरीरच करून द्यायचं. पदर सावरत, पाठ फिरवत दिवस काढायचा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी द्यावी, अशी तरतूद १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात होती. ती मला कोणी सांगितली नाही, आणि मीही कोणाला विचारली नाही. शाखेत बायका आम्ही दोघीच. जास्त काही मागितलं तर ‘म्हणूनच बायका नकोत’ हे वाक्य कुठून तरी येईल, या धास्तीनं आम्ही आपापलं गिळून टाकायचो.

एकदा कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला. फरक सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा शिरस्ता. साडेसात वाजले. पाळणाघर सहापर्यंत. मी साहेबांना जाऊ का विचारलं, तर ते हसून म्हणाले, ‘अहो, तुम्ही बायका म्हणजे हिरकण्या. जमेल तुम्हाला.’ माझा नाइलाज झाला. आठ वाजता पाळणाघरात पोचले तेव्हा काकूंनी त्यांच्या घरचा वरणभात तिला भरवलेला होता, आणि कन्या पायांत बूट घालून उंबऱ्यावर बसली होती. बूट तिनं सहालाच घातले होते म्हणे. काढू देत नव्हती.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, मग अंधारात कडा उतरून जाणं, आणि महाराजांनी तिच्या नावानं बांधलेला बुरूज. महाराजांनी तिचा मान केला, तो त्यांचा मोठेपणा. किल्ल्याचे दरवाजे वेळेला बंद होणार हेही ओघानंच आलं. माझी तक्रार आहे ती आपल्याबद्दल. गेली कित्येक वर्षं हळदीकुंकवाच्या आणि महिला दिनाच्या भाषणांतून आपण कडा उतरणारीला टाळ्या देतो आहोत. मला त्या संध्याकाळी दरवाजा हवा होता. बुरूज घेऊन मी काय करणार होते? आता एसटी स्थानकांवर मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ असतात. नाव चांगलंच आहे. किल्ली कुणाकडे असते, हे मात्र एकदा विचारून पाहावं.

परवा माझ्या मुलीनं मला विचारलं, ‘आई, तुला हे सगळं कसं जमलं?’ ती पुण्यात एका संगणक कंपनीत आहे, सव्वीस आठवड्यांची रजा संपवून कामावर जाते आहे. नोकरी सोडावी का, असा प्रश्न तिच्या डोक्यात आहे. माझ्या पिढीच्या बायका अशा वेळी ‘जमतं गं, जमवायचं असतं’ असं म्हणून मोकळ्या होतात. मीही कित्येकांना तसं सांगितलेलं आहे. ते खोटं आहे. मला जमलं नाही. सासूबाईंना जमलं, पाळणाघरातल्या काकूंना जमलं, माझं लेजर आपल्याकडे ओढून घेणाऱ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला जमलं. या तिघींपैकी एकीलाही त्याचा पगार नीट मिळाला नाही. काकूंना आम्ही महिन्याला जे द्यायचो ते आज आठवलं तरी लाज वाटते.

आणि आमचे हे? ते चांगलेच होते. मुलीला सकाळी शाळेत सोडायचे, तर वाड्यातल्या सगळ्या बायका त्यांचं कौतुक करायच्या. संध्याकाळी तिला आणायची मी, त्याबद्दल कोणी काही बोलल्याचं स्मरत नाही. सरकारनं २०१९ साली देशभर लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २९९ मिनिटं वेळ जात होता, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली. ही मिनिटं कुठे गेली असतील? मिक्सर आणि कुकर यांना विचारायला हवं.

मी १९९८ मध्ये अधिकारी म्हणून बढती घेतली. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार बायकांनी ती नाकारली, कारण बढती म्हणजे बदली. मला रत्नागिरी जिल्ह्यात टाकलं. नऊ वर्षांची मुलगी आजीजवळ ठेवून मी तीन वर्षं शनिवारच्या एसटीनं ये-जा केली. एका बुधवारी ती ‘मोठी’ झाली आणि मला ते शनिवारी रात्री दारात चपला काढताना कळलं. सासूबाईंनी सगळं नीट निभावलं होतं. मुलगी मजेत होती. मीच स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. बढती घेतली ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पण तो बुधवारही मला कुणी परत आणून देणार नाही.

त्या बदलीतच, १९९९ च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी मी वाचली. गीता हरिहरन या इंग्रजीतल्या कादंबरीकार. १९८४ मध्ये त्यांनी लहान मुलाच्या नावानं रिलीफ बाँडसाठी अर्ज केला. अर्जावर पालक म्हणून सही त्यांची. पती हयात होते, त्यांची संमतीही होती, तरी रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत केला. कारण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलं आहे, की नैसर्गिक पालक म्हणजे वडील ‘आणि त्यांच्यानंतर’ आई. चौदा-पंधरा वर्षांनी न्यायालयानं सांगितलं, की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असा अर्थ घेऊ नका. वडील दूर असतील, लक्ष देत नसतील, दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तर ते हयात असतानाही आईच पालक. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि मला ती भाजीवाली आठवली. तिच्या वीस रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाण्याची गरजच नव्हती. मी एक फाइल उघडून पाहायची होती.

कायद्यातले शब्द अजून तेच आहेत. ते बदलावेत, अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ मध्ये केली. बाकी मात्र पुष्कळ बदललं. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, पन्नास माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण ईएसआयखाली येणाऱ्या बायका सोडल्या तर या रजेचा सगळा पगार मालकाच्याच खिशातून जातो, त्यामुळे नवं लग्न झालेल्या मुलीला घेताना मालक मनातल्या मनात हिशेब करतो. मी अधिकारी होते, हा हिशेब कसा होतो ते मला माहीत आहे. तो भार सगळ्या समाजानं वाटून घ्यायला हवा. खासगी नोकरीतल्या बापाला रजा देण्याची सक्ती करणारा कायदा तर नाहीच. माझ्या जावयाला कंपनीनं आठ दिवस दिले. आणि बाजारात बसणारीला रजा कोण देणार? तिच्यासाठी केंद्राची पहिल्या बाळाची पाच हजारांची योजना आहे. पाच हजारांत किती दिवस दुकान बंद ठेवता येईल, हे कुठल्याही भाजीवालीला विचारा.

मुलीला मी नोकरी सोड किंवा सोडू नको, यांतलं काही सांगितलं नाही. तुझ्या नवऱ्याशी बस आणि आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांड, एवढंच म्हणाले. कोण कधी आणणार, आजारपणात कोण घरी राहणार, नावानिशी लिही. जावई बिचारा पेन घेऊन बसला. पहिल्या कागदावर सात वारांपैकी साडेपाच वार तिच्याच नावावर पडले होते. दोघंही कागदाकडे पाहत राहिली. दुसरा कागद घेतला.

गेल्या महिन्यात नातवाचं खातं उघडायला आम्ही बँकेत गेलो. नातू २०२४ च्या जूनमधला. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलं, त्यामुळे त्याच्या दाखल्यावर माझ्या मुलीचं नाव मधोमध आहे. बाळ जावयाच्या खांद्यावर झोपलं होतं. काउंटरवरच्या मुलानं संगणकावरून नजर न काढता विचारलं, ‘गार्डियन कोण?’

‘मी. आई,’ मुलगी म्हणाली.

त्यानं टाइप केलं आणि पुढचा रकाना विचारला. दोन मिनिटांत काम झालं.

परत येताना रिक्षात मी तिला त्या बाईची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. तिनं विचारलं, ‘मग तिचं पुढे काय झालं?’

मला माहीत नाही. त्यानंतर ती बँकेत आली नाही, आणि बाजारात तिच्या पाटीपुढे जाऊन उभं राहण्याचा धीर मला झाला नाही. मुलगा आता चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा असेल.