पेन्शनवाली पिढी संपली, आता आपले काय?

आमच्या वस्त्यांमध्ये गेल्या दोन पिढ्यांत जी घरे उभी राहिली, त्यातली बरीच एका सरकारी नोकरीवर उभी राहिली. रेल्वेत, जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत एक माणूस लागला की भावंडे शिकायची, आणि निवृत्तीनंतरही पेन्शनवर घर चालायचे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची ही जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ मध्ये तिच्यासाठी राज्यभर संप झाला. पण नागापूर, सुपा एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या किंवा पाथर्डी-शेवगावातून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या तरुणाला ना जुनी पेन्शन, ना नवी.

मग त्याच्या म्हातारपणाचे काय? "सरकार बघेल" हे उत्तर आम्हाला पटत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार हा आमच्या म्हाताऱ्यांचा हक्क आहे, तो सोडायचा नाही. पण तेवढ्यात औषधपाणीही भागत नाही. बाबासाहेबांनी महारवतनाविरुद्ध लढा का दिला, हे आठवा. दुसऱ्याच्या तुकड्यावर जगणाऱ्याची मान वर होत नाही.

म्हणून तरुणांनो, तीन गोष्टी आजच करा.

पहिली, पीएफ काढू नका. ठेका संपला की पीएफ काढून गाडी घेणारी पोरे आम्ही नेहमी पाहतो. पीएफमधल्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा हिस्सा काढला की मोजणी पुन्हा शून्यापासून. ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच ठेवा. पगारातून कापलेले पैसे खात्यात भरले जातात की नाही, हे पासबुकात तपासा.

दुसरी, पीएफ नसेल तर अटल पेन्शन योजना घ्या. १८व्या वर्षी सुरू केली तर महिना २१० रुपयांत साठीनंतर ५ हजार पेन्शन. ४०व्या वर्षी त्याच पेन्शनला १,४५४ रुपये लागतात. मात्र महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ४२ वर्षांनंतरच्या ५ हजारांची किंमत आजच्या साडेचारशेपेक्षा कमी भरते. म्हणून यावर थांबू नका, कमाई वाढेल तशी बचत वाढवा.

तिसरी, जादा व्याजाला भुलू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, हे आपल्याच शहरात घडले. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही.

कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्याने बचत कशातून करायची? प्रश्न रास्त आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी कमाईचा चौथा भाग अडीअडचणीसाठी राखायला सांगितला. पण चार भाग करण्याइतकी मजुरी तर हवी! म्हणूनच १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये बाबासाहेबांनी मागणी केली की, विमा हा राज्याच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात तो सक्तीचा करावा. माणसाने साठवावे आणि राज्याने हमी द्यावी, अशी ती मांडणी होती. आज राज्य हमीतून अंग काढून घेत आहे आणि साठवायचा उपदेश तेवढा करत आहे.

आम्ही दोन्ही करू. साठवूही आणि हमीसाठी भांडूही. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने डीजेच्या खर्चातून थोडे वाचवून बुद्धविहारात एक टेबल मांडावे: पीएफचे पासबुक तपासायला आणि पेन्शनचे अर्ज भरायला. जयंतीची ती खरी वर्गणी ठरेल.

जय भीम!