नुसतं ‘इम्प्लांट’ लिहून चालत नाही

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आत्याच्या स्तनात सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, त्याला बारा वर्षं झाली. ठेवू, बदलू की काढू, असं ती वाशिमहून फोनवर विचारते. घरातल्या पुरुषांचं ठरलंय: त्रास नाही ना, मग कशाला उकरून काढायचं?

कारण इम्प्लांट जन्मभराचं नसतं. कवच आतल्या आत फाटलं तरी बऱ्याचदा दुखत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्येच दिसतं. 2019मध्ये ॲलर्गननं खरबरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट एका दुर्मीळ लिम्फोमामुळे जगभरातून मागे घेतली. लक्षणं नसतील तर ती काढायची गरज नाही, असंही अमेरिकेच्या एफडीएनं सांगितलं. म्हणजे आधी आपलं मॉडेल कोणतं ते कळायला हवं. आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘इम्प्लांट’ लिहिलंय. मी कोड लिहिते. आमच्याकडे फुकटच्या ॲपचंसुद्धा व्हर्जन नोंदलेलं असतं!

जॉन्सन अँड जॉन्सनची एएसआर खुब्याची इम्प्लांट 2010मध्ये परत बोलावली गेली. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झालेल्या. त्यातले हजारो रुग्ण पुढे सापडलेच नाहीत. तरी मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांत नोंदी ठेवायची मुदत तीनच वर्षं. शरीरातली वस्तू दहा-पंधरा वर्षं राहते, तिचा कागद तीन वर्षांत रद्दीत!

आत्याला सगळं काढून सपाट राहायचं असेल, तर त्यावर घरात मतदान नको. पण कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर तिला लेखी मिळालाच पाहिजे, आणि इम्प्लांट अंगात आहे तोवर हॉस्पिटलनं नोंद ठेवलीच पाहिजे. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीनं आजच अर्ज टाकावा.